साध्या रंगाचं पिल्लू

साप मारला तो मारला, मुकाट्याने पुरून टाकला असता तर आयडेलला कळलंही नसतं. पण नाही. हात दाखवून अवलक्षण करायची खोड मला लहानपणापासूनची.

ऑगस्टचा महिना होता. सहा आठवडे पावसाचा थेंब नव्हता, घेवड्याचे वेल उभ्या उभ्या करपले होते, आणि माझं डोकं आधीच तापलेलं. कोंबड्यांच्या खाद्याच्या खोपटापाशी गेले तर पत्र्याखालून हा बाहेर येतोय. तांबडा, अंगावर ठिपके, माझ्या हाताहून लांब. आमच्या हॅम्प्टन परगण्यात सापाला नाव-गाव विचारायची पद्धत नाही. तांबडा दिसला की तो कॉपरहेड, कॉपरहेड म्हणजे विषारी, आणि विषारी म्हणजे फावडं. लोक साप म्हणून भुई धोपटतात म्हणे. आम्ही सापच धोपटतो. दोन घावांत काम झालं.

एवढ्यावर थांबायचं ना? तर वडील सांगायचे, पाऊस हवा असेल तर मेलेला साप पोट वर करून कुंपणावर टांगायचा. त्यांनी टांगले, त्यांच्या वडिलांनी टांगले. मीही रस्त्याकडच्या कुंपणावर नेऊन टांगला, नीट पाठ खाली, पोट आभाळाकडे. दोन शेजारणींना फोन करून सांगितलंसुद्धा. पोटावर पांढरे-काळे चौकोन होते, सोंगट्यांच्या पटासारखे. मला ते दिसले. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी सापाचं पोट कधी निरखून बघितलेलं नाही, तेव्हा मला काय कळणार.

आयडेल माझी धाकटी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी लहान. माझ्या आवारात मागच्या बाजूला तिचं चाकांवरचं पत्र्याचं घर आहे, तिथे ती आणि तिच्या बावीस कोंबड्या. एकतीस वर्षं झाली. संध्याकाळी सहाला ती माझ्या टेबलावर जेवायला येणार, मी केलेल्या मक्याच्या पावाला नाव ठेवणार, आणि दोन तुकडे जास्त खाणार. माझा नवरा गेला त्या आठवड्यातही हा नेम चुकला नव्हता.

त्या दिवशी ती चर्चमध्ये अंडी पोचवून परत आली आणि कुंपणापाशी थांबली. मी खिडकीतून बघत होते, आता शाबासकी देईल म्हणून. तिने तो साप दोन्ही हातांनी अलगद उतरवला आणि तसाच घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आली.

"ताई, ह्याचं पोट पाहिलंस?"

"पोट बघत बसले असते तर त्याने माझी तंगडी धरली असती."

"कॉपरहेडच्या पोटावर असे चौकोन नसतात. हा कॉर्न स्नेक आहे. विष नाही की काही नाही. पाच वर्षं खोपटातले उंदीर खातोय. शेपटीला ही खाच बघ, दारात सापडली होती त्याची शेपटी. मीच दार लावलं होतं."

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"आधी विचारायचं होतंस."

"कुणाला, सापाला?" मी म्हणाले.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ते वाक्य तोंडातून गेलं आणि आयडेलचा चेहरा दगड झाला. ती वळली, मागे गेली, आणि अंजिराच्या झाडाखाली तिने तो पुरला. पाऊस तर आला नाहीच.

त्या संध्याकाळी सहा वाजून गेले, सात वाजले. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी पायरीवर असायची ती अंडी बंद झाली. तिच्याकडे राहिलेलं माझं काचेचं भांडं धुऊन पुसून पायरीवर ठेवलेलं मिळालं. आमच्याकडे असं भांडं परत आलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. मी पीच घालून गोड केलं आणि तिच्या जाळीच्या दाराशी गेले. "आयडेल, चुकलं माझं," म्हणाले. मी, जी नवऱ्यालाही कधी असं म्हणाले नव्हते. आतून आवाज आला, "बरं." मग म्हणाली, "ठेव तिथे." त्या 'बरं'पेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदाने ऐकल्या असत्या.

पंधरवड्यानंतर टपाल आणणारा लमार गाडीच्या खिडकीतून म्हणाला, "काय व्हर्लीनबाई, आता आवार मोकळं होणार म्हणायचं. आयडेलबाईंनी पत्ता बदलायचा अर्ज घेतलाय माझ्याकडून."

असं कळलं मला. ती दूर वॉल्टरबोरो गावी मामेभावाच्या जागेत घर हलवणार होती. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ट्रक येणार, घर ओढून नेणार, कोंबड्या-बिंबड्यांसकट. मला एकटीने राहायची भीती नाही, अंधाराची नाही, चोरांची नाही. पण सकाळी उठून मी कुणाला टाकून बोलायचं? ह्या वयात नवीन माणूस कुठून आणायचं, जे माझं सगळं ऐकून घेईल आणि उलटून दोन ऐकवेल?

खाद्याच्या दुकानात भिंतीवर कागद लावला होता. शनिवारी शेतकी जत्रेच्या हॉलमध्ये साप-सरड्यांचा बाजार. मी तो तीन वेळा वाचला. शब्दांनी काम झालं नव्हतं. मग म्हटलं, एक साप मारला तर एक साप पाळून दाखवते. वेडेपणा होता, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

हॉलमध्ये गेले आणि पहिली दहा मिनिटं दारापाशी भिंतीला चिकटून उभी राहिले. टेबलांवर ओळीने प्लास्टिकचे डबे, प्रत्येकात काहीतरी वळवळणारं, आणि माणसं ते डबे असे उचलून बघत होती जसे कलिंगडं बघतात. शेवटी एका टेबलाशी गर्दी कमी होती तिथे गेले. मागे एक उंच म्हातारा बसला होता, पांढऱ्या केसांची वेणी घातलेला. त्याचं नाव हॉइट. चाळीस वर्षं न्हावी होता, आता कॉर्न स्नेकच पाळतो आणि त्यांची पिल्लं विकतो. गप्पांवरून न्हावी आहे हे त्याने सांगायच्या आधीच कळलं होतं.

"पहिलाच का, बाई?"

"पहिला आणि शेवटचा."

"सगळे असंच म्हणतात. माझ्याकडे आता एकशे चाळीस आहेत."

मी डब्यांकडे बघितलं. पेन्सिलीएवढी पिल्लं. एक नारिंगी-पांढरं, लाल डोळ्यांचं. एक चुलीतल्या राखेच्या रंगाचं. एक अगदी पांढरं, गुलाबी झाक असलेलं.

"हे सगळे एकाच जातीचे?"

"एकाच जातीचे. कातड्यात काळा आणि तांबडा असे दोन रंग कालवलेत असं समजा. काळा नसला की हा नारिंगी. तांबडा नसला की हा राखी. दोन्ही नसले की हा पांढरा, पोरं ह्याला स्नो म्हणतात."

"रंग काढतं कोण?"

"कोणी नाही. अंड्यातून तसाच येतो. आई-बाप दोघांच्या अंगात दडलेलं असतं. दिसायला दोघंही साधे, आणि पोटी पांढरं पिल्लू. मग चर्चा, हे गेलं कुणावर."

"आमच्या चर्चमध्येही असं एक घर आहे," मी म्हणाले, आणि तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरचा सरडा दचकला. त्याबरोबर माझाही हात थोडा सैल पडला. तोपर्यंत मी पर्स ढालीसारखी धरली होती.

मी पांढऱ्याकडे बोट केलं. "हा द्या."

"का हाच?"

"छान दिसतो."

"खरं सांगा."

न्हाव्यासमोर माणूस खोटं बोलू शकत नाही, त्यांना सवय असते. मी सगळं सांगून टाकलं. फावडं, कुंपण, पोटावरचे चौकोन, आयडेलचं 'बरं', ट्रक. "पांढरा असला तर कुणी त्याला कॉपरहेड समजणार नाही," मी म्हणाले. "मीसुद्धा नाही."

हॉइटने पांढऱ्याच्या डब्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "पांढरा घेऊन गेलात तर तुमच्या बहिणीला काय कळेल? एवढंच, की तुम्ही पांढरे साप मारत नाही."

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला नेहमीच येतो. पर्स उचलून निघणार होते. पण निघून जाणार कुठे? रिकाम्या टेबलाशी?

त्याने मागचा एक डबा पुढे सरकवला. त्यात मातकट तपकिरी पिल्लू, अंगावर गडद तांबूस ठिपके. टेबलावरचं सगळ्यात कळाहीन. "हा साधा. मूळ रंगाचा. आज ह्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ज्याला त्याला रंग हवा. दोन वर्षांनी बघा, विस्तवासारखा नारिंगी होईल."

त्याच्याकडे बघून मी एक पाऊल मागे सरले. तोच होता तो, फक्त लहान.

"आता वरून बघा," हॉइट म्हणाला. "पोट बघायला साप मरावा लागतो. कॉपरहेडचा पट्टा पाठीच्या कण्यावर अरुंद, आणि कुशीकडे रुंद होत जातो. ह्याचा ठिपका पाठीवरच रुंद, खोगीर टाकल्यासारखा, आणि त्याला काळी किनार. बोटाने दाखवा मला."

मी डब्यावरून बोट फिरवून दाखवलं. त्याने खिशातून दोन सापांचे फोटो काढून समोर ठेवले, कॉपरहेड कुठला आणि कॉर्न स्नेक कुठला ते विचारलं. मी बरोबर सांगितलं. मग आणखी चार ठेवले. एक चुकला. "तुमच्या हातून अजून एक निरपराध मेला," तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारू लागला. माझ्या मागे माणसं खोळंबली होती, पण त्याने घाई केली नाही.

शेवटी म्हणाला, "हात टेबलावर ठेवा. धरू नका, नुसता ठेवा." पिल्लू माझ्या बोटांवरून गेलं. मला वाटलं होतं बुळबुळीत असेल. ते कोरडं होतं, गार, आणि करंगळीला विळखा घालून थांबलं. मला रडूच आलं. मी मारला त्यालाही हात लावला असता तर तोही असाच लागला असता.

"रंग डोळ्यांसाठी असतो," हॉइट म्हणाला, "घेताना विचारायचं ते एवढंच की खातो का." झाकणावर चिठ्ठी होती. पाच वेळा खाल्लेलं, तारखांसकट. "घरी नेऊन सात दिवस हात लावायचा नाही. मग गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात वितळवून द्यायचं, ती पाकिटं मी देतो. झाकण घट्ट. आणि बाई, तो खाईपर्यंत कुणाला दाखवू नका."

हे त्याने सांगितलं नसतं तरी मी तेच केलं असतं. आयडेलला दाखवावा आणि दोन दिवसांनी तो मरावा, म्हणजे दुसराही मीच मारला. नको रे देवा. कपडे धुवायच्या खोलीत डबा ठेवला, खाली एका बाजूला विजेवर ऊब देणारी गादी, पाण्याची वाटी, लपायला फुटक्या कपाचा तुकडा. फ्रीजमध्ये, गोठवलेल्या मटाराच्या पाकिटामागे, उंदराची पिल्लं. माझी आई असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

सात दिवस झाले. वितळवलेलं उंदराचं पिल्लू चिमट्याने सापापुढे केलं. त्याने तोंड फिरवलं. दोन दिवसांनी पुन्हा. पुन्हा तोंड फिरवलं. मी त्याला समजावलं, दटावलं, खोलीतला दिवा मालवून बाहेर जाऊन उभी राहिले. तसाच. बाराव्या दिवशी बघते तर अंग फिकट पडलेलं आणि डोळे निळसर, दूध सांडल्यासारखे. आंधळा झाला होता. आणि मागे आयडेलच्या दारात खोकी रचली जात होती, मला स्वयंपाकघरातून मोजता येत होती. नऊ दिवस उरले होते.

मी हॉइटला फोन लावला आणि त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, तुम्ही मला आजारी साप विकलात, म्हातारी बघून गळ्यात मारलात, एवढं शिकवलंत आणि तो आंधळा निघाला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "डोळे निळे झालेत ना?"

"हो."

"अंग मळकट?"

"हो."

"व्हर्लीनबाई, तो कात टाकतोय. डोळ्यांवरची कातसुद्धा सुटते, म्हणून दिसत नाही, म्हणून खात नाही. तुम्ही डोक्यावरून सदरा काढताना जेवता का? चार-पाच दिवस त्याला एकटा सोडा. आणि रोज चिमटा घेऊन त्याच्या तोंडासमोर उभ्या राहू नका."

मी खुर्चीत बसले ते तशीच बसून राहिले. माझा जीव अर्धा भांड्यात पडला, अर्धा वरच लटकत होता.

पाच दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही, मळके कपडे बाथरूममध्ये साठले. सहाव्या दिवशी सकाळी बघितलं तर कपाच्या तुकड्यापाशी कात पडली होती, पातळ, अखंड, शेपटीच्या टोकापर्यंत. आणि तो असा बाहेर आला होता की मी ओळखलाच नाही. मातकटपणा गेलेला. पाठीवरचे ठिपके तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखे, आणि प्रत्येकाला काळी किनार. मी कोमट पाण्यात उंदराचं पिल्लू वितळवलं, चिमट्याने धरलं. त्याने जीभ दोनदा बाहेर काढली आणि झडप घातली. हळूहळू, न थांबता, सगळं गिळलं. मी तिथे फरशीवरच बसले, डब्याशेजारी, आणि मोठ्याने हसले. एका घरात एकट्या बाईने इतकं हसू नये.

ट्रक यायला तीन दिवस होते. मी डबा उचलला, तो हलू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि मागे गेले. आयडेल ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"काही बोलू नकोस," मी म्हणाले, "नुसतं बघ. आज खाल्लंय त्याने, म्हणून आणलाय."

तिने डब्यात बघितलं. किती तरी वेळ. मग झाकणावरची चिठ्ठी वाचली, हॉइटच्या पाच तारखा आणि खाली माझ्या अक्षरात एक.

"किती दिवस झाले आणून?"

"अठरा."

"अठरा दिवस तुझ्या घरात साप आहे."

"माझ्या धुण्याच्या खोलीत. फ्रीजमध्ये उंदीर आहेत, तेही सांगून ठेवते."

ती हसली नाही, पण तोंड थोडं हललं. "तिथे रंगीत नव्हते का? नारिंगी, पांढरे असतात ना?"

"होते."

"मग हा का?"

मला हॉइटचं वाक्य तिला ऐकवता आलं असतं, पण ते मी चोरून कशाला वापरू. मी म्हणाले, "ह्यालाच मारला होता ना मी. मग ह्यालाच ओळखायला नको का?"

आयडेलने हातातली ताटली खाली ठेवली. "चल," म्हणाली. "डबा इथे ठेव. झाकण लाव नीट."

ती मला खोपटाकडे घेऊन गेली. पत्र्यापाशी वाकली आणि थांबली, माझ्याकडे वळली. "ताई, मी रागावून चालले नव्हते. म्हणजे राग होताच. पण त्यासाठी घर कोण हलवतं? अजून एक आहे. मादी. तीन वर्षं झाली, तुला कधी सांगितलं नाही. तू तिलाही कुंपणावर टांगली असतीस. मी रोज हिच्याकडे आले की तू खिडकीतून बघणार, कुठे जाते म्हणून. शुक्रवारी तिला उशीच्या अभ्र्यात घालून नेणार होते."

असं होतं तर. महिनाभर मी समजत होते की तिला माझं तोंड बघवत नाही. तिला माझी पहाऱ्याची नजर चुकवायची होती. मला जास्त वाईट कशाचं वाटावं तेच कळेना.

तिने पत्रा उचलला.

ती मोठी होती. वेटोळं घालून बसलेली, तांबडी, उन्हात चमकत होती. माझे हात रिकामे होते आणि मी ते पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले. आयडेल माझ्याकडे बघत होती, सापाकडे नाही.

"काय आहे हे, ताई?"

मी वरून बघितलं. घाई केली नाही. "ठिपका पाठीवर रुंद आहे," मी म्हणाले. "काळी किनार आहे. कॉर्न स्नेक आहे. आणि तू पत्रा खाली ठेव, तिला ऊन लागतंय."

आयडेलने पत्रा हळूच टेकवला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, डोळे पुसले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ट्रकवाल्याला फोन तू कर. मला नाही म्हणायला जमत नाही. तुला भांडता येतं."

मी तिथूनच स्वयंपाकघरात गेले आणि फोन लावला. ट्रकवाला तापला. म्हणाला, बाई, दिवस राखून ठेवला होता, ऐन वेळी नाही म्हणता, तुमची बहीण तरी सरळ बोलत होती. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयडेल दारात उभी राहून ऐकत होती. मध्येच तिने फडताळातून मक्याच्या पिठाचा डबा काढून ओट्यावर ठेवला, आणि मी आणखी पाच मिनिटं भांडले.